आम्हांस हयात अपत्य नाही

नाही, मला एक सांगा, आपल्याला लेकरू आहे की नाही हे ज्याचं त्याला कळतं की त्यालाही वकील लागतो? आत्ता त्या खिडकीतल्या ताईंनी मला विचारलं, "मुलीचे तुम्ही कोण?" मी म्हटलं, "बाप." तर म्हणतात, "ते झालं हो, पण कागदावर कोण?" आता कागदावर कोण! अहो, कागदावर मी कोण आहे हे मला माहीत असतं तर मी सकाळपासून इथे सेतूत नंबर लावून बसलो असतो का?… बसा ना अक्का, टेका जरा. नाना, तुम्ही थोडे सरका. अजून बाविसावाच चाललाय, माझा अडतीस आहे. जून अर्धा झाला तरी ऊन काही हटत नाही, आणि हा पंखा नुसता फिरतो, वारा कोणाला देतो कोण जाणे. तोवर ऐका माझं. ऐका आणि तुम्हीच सांगा चुकलं कोणाचं, कारण मला तर काही सुचायचं बंद झालंय.

मी कौतिक. मूळचा असोद्याचा, हां, तेच, भरताच्या वांग्यांचं असोदं. जळगावात ठिबकच्या सामानाचं दुकान आहे, छोटंसंच, नळ्या, ड्रीपर, फिल्टर… शेतकरी येतो, म्हणतो कौतिकभाऊ, शेवटच्या ओळीला पाणी पोचत नाही, मी जातो, कचरा कुठे अडकलाय तो शोधतो, पाणी चालू करून येतो. मला वाटायचं जगात सगळं असंच असतं, अडकलंय कुठे ते शोधायचं आणि फुंकर मारायची. बायको माझी कोकिळा, नरडाण्याची, म्हणजे धुळे जिल्हा आला, बोलते अहिराणी आणि चिडली की जरा जास्तच अहिराणी. लग्नाला अठरा वर्षं झाली. पहिल्यांदा दिवस गेले, पाचव्या महिन्यात खलास. दुसऱ्यांदा गेले, परत पाचव्यातच. डॉक्टर बदलले, गाव बदललं, पलंगाची दिशासुद्धा बदलली. काही नाही.

मग माझी आई, भागाबाई, आता नाही ती, पण तेव्हा होती आणि चांगली खमकी होती. दहा वर्षांपूर्वीची आखाजी. तुम्हाला माहीत आहे आपल्याकडे आखाजी म्हणजे काय, नुसती अक्षय्य तृतीया नाही, बहिणी माहेरी आलेल्या, कडुनिंबाला झोके बांधलेले, आंब्याचा रस, पुरणपोळ्या… माझा मोठा भाऊ निंबा, त्याला तीन मुली, तिसरी यामिनी तेव्हा तीन वर्षांची होती. आईनं काय करावं? सगळी गल्ली जेवायला बसलेली, आई उठली, ती पोर उचलली आणि कोकिळेच्या ओटीत घातली! खण, नारळ आणि पोर! म्हणाली, "घे वं माय, आजपासून हे तुही. मांडीवर पोर खेयली का तिच्या मांगं भाऊ येतेच पहाय." वहिनी रडली, निंबाभाऊ रडला, कोकिळा तर पोरीला घट्ट धरून अशी रडली की पोरगी घाबरून माझ्याकडे हात पसरायला लागली. माझ्या हातात रसाचं पातेलं. ते मी खाली ठेवलं आणि तिला घेतलं. बस, एवढंच झालं. मी बाप झालो ते असा झालो. अल्बम आहे, व्हिडिओ आहे, त्याला मागं सनईचं म्युझिकपण टाकलंय.

तिच्या मागं भाऊ काही आला नाही. तिसऱ्यांदा दिवस गेले, त्या वेळी रक्तस्राव असा झाला की डॉक्टर म्हणाले, पिशवी काढावी लागेल नाही तर बाई हातची जाईल. मी म्हटलं काढा. विचार करायला मला किती वेळ होता? सहीला लागतो तेवढा. असो. पण घरात यामिनी होती. पोरीनं आम्हाला बसू दिलं नाही. हिला शाळेत घालायची म्हणून मी फॉर्म आणला, त्यात रकाना, वडिलांचे नाव. मी थांबलो. शाळेतले सर म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "जन्मदाखल्यावर निंबा आहे, घरी मी आहे, कोणाला लिहू?" सर म्हणाले, "पत्ता कोणाचा?" "माझा." "मग वडीलही पत्त्याचेच लिहा, नाही तर घर असोद्याचं दिसेल आणि शाळेच्या अंतरात बसणार नाही." लिहिलं कौतिक! शाळेचा दाखला लागला आधारला, आधार लागलं रेशनकार्डाला, रेशनकार्डावर तहसीलच्या माणसानं ठळक अक्षरात लिहिलं, यामिनी, नातं मुलगी. एका कागदाला दुसरा कागद झाला, दुसऱ्याला तिसरा… आमच्या घरात वंश वाढला तो फक्त कागदांचा!

आणि मग दोन वर्षांपूर्वी एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "पिशवी नाही पण बाकी सगळं शाबूत आहे. गर्भ तुमचा दोघांचाच तयार करायचा, नऊ महिने तेवढे दुसऱ्या बाईच्या पोटात वाढवायचा. सरोगसी. आता त्याला कायदा आहे, कायद्याप्रमाणे करा, बाळ तुमचंच." अहो, त्या वाक्यानंतर कोकिळेला घरी जायची कोण घाई! घरी आल्यावर कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातून एक पिशवी काढली, तीन स्वेटर होते त्यात, एवढे एवढे. मला माहीतच नव्हतं तिनं ते ठेवलेत म्हणून. मी दुकानात निघून गेलो.

बाई कोण? तर बाई घरातच निघाली. कोकिळेचा भाऊ भटू, नरडाण्याला कंपनीत आहे, त्याची बायको कुंदन. आम्ही विचारलंसुद्धा नव्हतं! ती आपणहून म्हणाली, "ताई, इतली चिंता कसाले करतस? मी शे ना! मन्हा दोन पोऱ्या व्हयी ग्यात, आते एक तुन्हासाठे." मी भटूकडं पाहिलं. भटू म्हणे, "माले काय देखतस दाजी, तिनं ठरायं म्हंजे ठरायं." असं माणूस कुठं मिळतं? मला वाटलं, झालं, कचरा निघाला, आता पाणी चालू!

तर वकील म्हणाला… हितेंद्र वकील, चांगला माणूस आहे, त्याच्यासाठी मी असोद्याची वांगी घेऊन जातो, तो घेतो. त्याच्याकडे कायद्याचं पुस्तक आहे, त्याला पिवळ्या पेनानं एवढ्या रेघा मारल्यात की पांढरं कुठे दिसत नाही. मी त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, तासभर. त्यानं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "ते सगळं खरं कौतिकभाऊ, पण व्याख्या काय म्हणते?"

व्याख्या! तुम्हाला सांगतो, शाळेत भूमितीची व्याख्या आली नाही म्हणून मी दोनदा मार खाल्ला, त्यानंतर या शब्दाशी माझा संबंध नव्हता. आता बेचाळिसाव्या वर्षी परत! म्हणे कायद्यात आधी जोडपं म्हणजे काय ते ठरवलंय. मी म्हटलं, आम्ही दोघं. म्हणे, "ते सगळं खरं, पण व्याख्या काय म्हणते? कायदेशीर विवाहित. नोंदणी आहे?" नोंदणी? अहो, आमच्या लग्नाला आठशे माणूस होतं, बँड धुळ्याचा होता! म्हणे नोंदणी करा. अठरा वर्षांनंतर आम्ही लग्न नोंदवायला रांगेत, पुढे-मागे सगळी विशीतली पोरं-पोरी, एकमेकांचे हात धरून, आणि मध्ये आम्ही, कोकिळा पिशवीतून मला बीपीची गोळी काढून देतेय. तिथं लग्न लावणाऱ्या ब्राह्मणाचं नाव विचारलं, तर ते वारलेले. मुहूर्ताचा फोटो दाखवला, त्यात माझ्या मुंडावळ्या अशा आल्यात की मी कोण हे मलाच ओळखू येत नाही. कसंबसं एकदाचं आमचं लग्न झालं.

मग वंध्यत्वाची व्याख्या. एक वर्ष प्रयत्न करून मूल न होणं. मी म्हटलं वकीलसाहेब, एक काय, अठरा घ्या, सतरा जास्तीची तुम्हाला देतो. तेवढी एक व्याख्या काय ती आम्ही न अडखळता पार केली!

मग कुंदन. बाई विवाहित पाहिजे, आहे. स्वतःचं मूल पाहिजे, दोन आहेत. वय पंचवीस ते पस्तीस. आता कुंदन जन्मली पोळा झाल्यावर, भादव्यात, तिच्या आईला पक्कं आठवतं, बैलांचे रंग अजून उतरले नव्हते म्हणे. पण शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलं एक जून. तुमची काय तारीख आहे नाना? एक जून! बघा! अक्का, तुमची? एक जून! अख्खा खान्देश एकाच दिवशी जन्मलाय! तर एक जूनला कुंदनला पस्तीस पुरी होणार. मी म्हटलं, "वकीलसाहेब, खरी तर भादव्यात होते, तीन महिने जास्तीचे आहेत आपल्याकडे." म्हणे, "ते सगळं खरं, पण व्याख्या काय म्हणते? कागदावरचं वय." म्हणजे जे काय करायचं ते एक जूनच्या आत. आणि हे आम्हाला कळलं केव्हा? होळीला!

त्यात आणखी परोपकार. हो, परोपकाराचीही व्याख्या आहे. बाईनं हे परोपकारानं करायचं, दवाखान्याचा खर्च आणि विमा सोडून तिला काही द्यायचं नाही. बरोबर आहे, गरीब बायांचा बाजार होऊ नये, मलाही पटतं. पण कोकिळेनं विचारलं, "आखाजीले भावजयीले साडी लेवाना ऱ्हास, ती?" वकिलानं चष्मा लावला. पुस्तक चाळलं. मागं गेला, पुढं गेला. म्हणे, "साडी… साडी शक्यतो फॉलविना घ्या." आता फॉल लावला की परोपकार कसा काय मोडतो, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर आणखी एक व्याख्या निघाली असती.

एवढं सगळं जमवलं. फाइल एवढी जाड झाली. मला कोणी सांगितलं होतं का की कमी कागद लावा? मी आपला जेवढे घरात होते तेवढे लावले, वर रेशनकार्डाची झेरॉक्स, पत्त्याचा पुरावा म्हणून, रंगीत! वकिलानं फाइल सरोगसीची परवानगी देणाऱ्या समितीकडे द्यायच्या आधी शेवटची चाळली आणि त्याचं बोट थांबलं. "ही यामिनी कोण?" मी म्हटलं, "माझी मुलगी." काय अभिमानानं म्हटलं मी ते! वकिलानं बोट तसंच ठेवलं. म्हणाला, "भाऊ, इच्छुक दांपत्याची अट वाचतो. ज्यांना हयात अपत्य नाही. पोटचं नाही, दत्तक नाही, आधीच्या सरोगसीचं नाही."

मी म्हटलं, "दत्तक कुठं? नुसती ओटीत घातलीय." म्हणे, "कशी?" मी सांगितलं. म्हणे, "दिली कोणी?" "निंबाभाऊनं." "घेतली कोणी?" "आम्ही." "लोक होते?" "शंभर! रस होता!" "फोटो?" "अल्बम! व्हिडिओ!" वकिलानं डोक्याला हात लावला. म्हणे, "कौतिकभाऊ, आपल्या हिंदू दत्तकाच्या कायद्यात मुख्य गोष्ट काय? प्रत्यक्ष देणं आणि प्रत्यक्ष घेणं. तुमच्या आईनं आखाजीला बसल्या जागी कायदेशीर दत्तकविधान केलंय!" अहो, माझी आई चौथी शिकलेली! तिला सातबारा वाचता येत नव्हता आणि तिनं कायदा केला!

मग वकील हळूच म्हणाला, "एक सवलत आहे. मुलीला काही आजार आहे का? म्हणजे मोठा, बरा न होणारा?" मी म्हटलं, "नाही हो." म्हणे, "काहीच नाही? जन्मजात?" मी म्हटलं, "ठणठणीत आहे, कबड्डी खेळते, शाळेच्या संघात आहे." "अरेरे," म्हणाला वकील. खरंच म्हणाला हो! आणि त्याच्या तोंडून अरेरे ऐकून अर्धा क्षण, खोटं कशाला बोलू, अर्धा क्षण मलाही वाईट वाटलं की पोरीला काही झालेलं नाही. गाडीवर बसलो आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. सिग्नलला लोक बघत होते.

उपाय निघाला. वकिलाकडे उपाय असतोच. म्हणे ओटीचा कार्यक्रम आपण बोलायचाच नाही. मुलगी भावाची आहे, शिक्षणासाठी इथे राहते, तुम्ही नुसते सांभाळणारे, जन्मदाखला आहेच. निंबाभाऊचं प्रतिज्ञापत्र लावू, शाळेत नाव दुरुस्तीचा अर्ज टाकू, रेशनकार्डाची चूक म्हणू. समितीपुढे मुलगी स्वतः सांगेल की हे माझे काका. आणि तुम्ही दोघांनी लिहून द्यायचं, आम्हांस हयात अपत्य नाही. झालं. दिसायला दोन ओळी! मी निंबाभाऊकडे गेलो. त्यानं कागद वाचला आणि म्हणाला, "कौतिक, मी आईसमोर दिली ती परत कशी लिहून घेऊ?" मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सही केली. सही करताना त्याचा हात मी धरलेला नव्हता, पण धरल्यासारखाच होता.

यामिनीला कसं सांगायचं? आठवीतली पोर, तेरा वर्षांची. तिला पहिल्यापासून सगळं माहीत आहे, लपवलेलं काहीच नाही. कोकिळा सांगायला बसली आणि रडायलाच लागली, तर पोरगीच म्हणाली, "म्हणजे मी निंबापप्पांचं नाव सांगायचं, आणि तुम्हाला काका म्हणायचं, मग आपल्याला बाळ मिळेल. एवढंच ना? एवढ्यासाठी रडता?" एवढंच ना! आणि मग तिनं सराव सुरू केला. म्हणे तोंडात बसलं पाहिजे, नाही तर तिथे चुकून पप्पा निघेल. कबड्डीच्या सरांनी शिकवलंय म्हणे तिला, सराव रोज पाहिजे.

तुम्हाला सांगतो, आठ दिवस. "काका, चहा झालाय." "काकू, माझा टॉवेल कुठाय?" "काका, आज शाळेत सोडाल का?" पहिल्या दिवशी हसलो आम्ही. दुसऱ्या दिवशी कोकिळेच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडलं. तिसऱ्या दिवशी आखाजी होती! रस केला, पुरणपोळ्या केल्या, आणि पोरीनं वाटी पुढे केली, "काकू, अजून रस आहे का?" कोकिळा उठली, न्हाणीघरात गेली, नळ मोठा सोडला. मी बाहेरून म्हटलं, "अगं पाणी वाया जातंय." ठिबकवाला ना मी! दुसरं काय बोलणार? मला म्हणायचं होतं सोडून देऊ सगळं. पण कपाटात ते तीन स्वेटर होते, एक जून जवळ येत होती, आणि कुंदन तिकडे नरडाण्याला रोजच्या रोज फोन करून विचारत होती, काय व्हयनं ताई?  पाण्याचा आवाज ऐकत उभा राहिलो.

सुनावणी. मे महिना, बाहेर पंचेचाळीस. कुंदन आणि भटू पहाटेच्या गाडीनं आलेले, कुंदननं आम्हाला यश यावं म्हणून उपास धरलेला. समितीत तीन माणसं, मधल्या मॅडम मोठ्या होत्या, आणि तुम्हाला सांगतो, फार चांगल्या होत्या. मला त्यांच्यावर राग काढता येत नाही हे माझं आणखी एक दुःख आहे. माणूस वाईट असला की बरं असतं. त्यांनी यामिनीला जवळ बोलावलं, पाणी दिलं, नाव विचारलं. "बाळा, तुझे वडील?" पोरगी ताठ उभी. "निंबा." "आणि हे?" पोरीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हे माझे काका. मी शिकायला यांच्याकडे राहते." एकही चूक नाही! मधे अडखळली नाही, डोळे खाली घातले नाहीत. किती छान खोटं बोलली हो माझी पोर! मला शाबासकी द्यावीशी वाटली आणि तिचा हात धरून तिथून पळावंसंही वाटलं, दोन्ही एकाच वेळी.

मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. मग इथे दोघांनी सह्या करा." झालं होतं हो! अगदी झालं होतं. हितेंद्र वकिलानं टेबलाखालून माझा गुडघा दाबला. पेन यामिनीनंच दिलं, तिच्या कंपासातलं, मोरपिशी रंगाचं. मी सही केली. हो, मी केली. लपवत नाही. वाचलं नाही, डोळे अर्धे मिटले आणि केली. मग कागद कोकिळेकडे गेला. ती प्रत्येक कागद वाचते, बोट ठेवून, साबणाची चिठ्ठीसुद्धा. वाचलं आणि थांबली. "बाई, हयात म्हंजे काय वं?" मॅडम म्हणाल्या, "हयात म्हणजे जिवंत. तुम्हाला जिवंत अपत्य नाही, असं."

आता बघा, आमच्याकडे काय आहे, बांगडी फुटली तर फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. घरातून निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. दिवा विझवला म्हणत नाहीत. लेकराच्या बाबतीत तर वावगा शब्द तोंडातून काढायचा नाही, त्यात लिहायचा? स्टँपपेपरवर? वकिलाला हे सुचलं नाही, मला सुचलं नाही, आम्ही सगळे अपत्य या शब्दाच्या मागे लागलो होतो, आणि ती अडली हयातवर! तिनं पेन ठेवलं. यामिनीकडे पाहिलं. आणि अशी उसळली ती, "मन्ही जित्ती-जागती अंडेर मन्हा समोर उभी शे, आनि मी मन्हा हातघाई लिखी देऊ, जित्ती नही शे? इतलं वंगाळ मी लिखू? बठ्ठं लई जा! माले नही पाहिजे!" अंडेर म्हणजे लेक आणि बठ्ठं म्हणजे सगळं, आमच्या सासुरवाडीकडे. आणि तिथेच, समितीपुढे, पोरीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कपाळाशी नेऊन कडाकडा बोटं मोडली. दहाच्या दहा वाजली. एवढ्या शांततेत तो आवाज… जाऊ द्या.

आणि यामिनी, आठ दिवस सराव केलेली, ताठ उभी असलेली ती यामिनी, तिनं आईच्या पदरात तोंड खुपसलं आणि "मम्मी, मम्मी" करत रडायला लागली. मॅडमनी चष्मा काढला. हळूच विचारलं, "मग मुलगी आहे असं लिहू?" कोकिळा म्हणाली, "लिख." त्यांनी लिहिलं. मी बघत बसलो. माझं मूल त्या रेघेखाली जन्माला येण्याआधीच गेलं आणि माझं मूल त्याच रेघेवर मला मिळालं, मी रडू का हसू, तुम्हीच सांगा. बाहेर कुंदन जिन्यावर बसली होती. तिला कोणी काही सांगावं लागलं नाही. म्हणाली, "ताई, भूक लागनी, चाल, काहीतरी खाऊत." आणि उपास सोडताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. एक जून आली आणि गेली. स्वेटर कपाटातच आहेत. ते काढून टाकू का, हे मी तिला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

मग टपालानं आदेश आला. यामिनीनं वाचला, इंग्रजी शाळेतली, सरकारी मराठी वाचताना तिची त्रेधा उडते, "सदर… दांपत्यास… यामिनी नावाची एक हयात कन्या असल्याचे… निष्पन्न झाल्याने… अर्ज नामंजूर." थांबली. परत वाचला, फक्त मधलं. मग म्हणाली, "पप्पा, याच्या झेरॉक्स काढून ठेवू?" आठ दिवसांच्या काकानंतर पहिल्यांदा पप्पा! मी स्वतः गेलो, लॅमिनेशन करून आणलं. हे बघा. हा गोल शिक्का. दहा वर्षांत, भाऊ, हा पहिला सरकारी कागद आहे ज्यावर तीन अधिकाऱ्यांच्या सहीनिशी लिहिलंय की यामिनी माझी मुलगी आहे! त्याआधी कोकिळेनं त्याला हळदीकुंकू लावलं होतं, हे बघा, आत बोट दिसतंय.

आता ती जिल्ह्याच्या संघात निवडली गेलीय, कबड्डीच्या. वय-अधिवासाचा दाखला पाहिजे. शाळेत तो दुरुस्तीचा अर्ज गेलेला, तो निम्मा मंजूर झालाय, म्हणजे एका रजिस्टरात बाप निंबा, एकात मी. मघाशी या ताईंना मी हा कागद दाखवला. म्हटलं, घ्या, समितीनं लिहून दिलंय, कन्या! त्यांनी उलटसुलट बघितला. "दत्तकपत्र नोंदवलंय का?" "नाही, पण देणं-घेणं झालंय, रस होता…" "मग दत्तक नाही." "अहो, पण दत्तक आहे म्हणून तर मला नामंजूर केलं!" तर ताई काय म्हणाल्या सांगू? अगदी शांतपणे, "काका, ते सगळं खरं, पण व्याख्या काय म्हणते?" म्हणजे मूल मागायला गेलो तेव्हा मला मुलगी आहे, आणि मुलीसाठी आलो तेव्हा मला मुलगी नाही! मग मी नक्की आहे तरी कोण? म्हटलं, ठीक आहे, परत द्या तो कागद, घरी देवाजवळ ठेवायचाय. तर म्हणतात प्रतिज्ञापत्राचा अर्ज घ्या, भरा आणि परत नंबर लावा. भरलाय. सगळा भरलाय. फक्त एक रकाना कोरा सोडलाय, अर्जदाराशी नाते…

काय? अडतीस? झाला पण? हो हो, मीच, आलो! अक्का, ही पिशवी धरा जरा… हां ताई, हा घ्या अर्ज. तो कोरा आहे ना, तो मुद्दाम कोरा आहे, तो तुम्हीच भरा. बाप लिहा, काका लिहा, पालक लिहा, शेजारी लिहिलंत तरी माझी हरकत नाही, पण चारच्या आत करा तेवढं… साडेचारला तिला सरावाला सोडायचंय, आणि उशीर झाला की ती माझ्याशी दोन-दोन दिवस बोलत नाही.